दाराकडे तोंड असलेली खुर्ची

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "खरंच, मी काही केलं नाही."

माझे दोन्ही तळवे तिच्या डोळ्यांवर होते आणि मी आवाज बदलून नुकतंच "ओळख कोण?" असं विचारलं होतं. आमच्या घराण्याची ही जुनी खोड. माझे वडील कामावरून आले की आईचे डोळे झाकायचे, मी भावाचे झाकले, पुढे नवऱ्याचे झाकले, मुलगा स्टुलावर चढून माझे झाकायचा. डोळे झाकलेल्या माणसाने मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची, दूधवाला, पोलीस, घरमालक, आणि मग दोघांनी हसायचं, असा त्याचा रिवाज. त्या दुपारी मी बाजारातून मटार घेऊन नेहमीपेक्षा लवकर परतले. माझ्या किल्लीने दार उघडलं. सून ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती, नळ धो धो वाहत होता, त्यामुळे तिला चाहूल लागली नाही, आणि मला या वयात हुक्की आली. ती किंचाळली असती, कप फेकून मारला असता, तरी मला समजलं असतं. ती दचकलीसुद्धा नाही. माझ्या हातांखाली तिचं सगळं अंग एकदम थांबलं. कप तिने आवाज न करता, अगदी जपून खाली ठेवला, आणि मी कधीच न ऐकलेल्या बारीक, शाळकरी आवाजात ती दोन वाक्यं बोलली. मी हात काढले, "अगं, मी आहे, मी!" म्हटलं, तेव्हा ती वळली. तिचे डोळे माझ्याकडे होते, पण क्षणभर त्यांना मी दिसत नव्हते. मग दिसले. "सॉरी आई. ओळखलं होतं मी," असं म्हणून ती हसली, आणि ते हसू फार नीटनेटकं होतं. तिने कप पुसून जागेवर ठेवला, ओट्यावरचं पाणी निपटलं, माझ्या हातातली पिशवी घेऊन मटार टेबलावरच्या परातीत ओतले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला.

घरात आम्ही दोघीच असतो. मुलगा जहाजावर आहे, समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या कंपनीत, त्यामुळे तो सहा-सहा महिने फोनमध्येच राहतो. सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुणाच्या तोंडात कुठल्या छटेचे दात शोभतील हे तिला दिव्याखाली एकदा पाहून कळतं. माझी कवळी तिनेच केलेली आहे, म्हणजे माझं हसू सुनेच्या हातचं आहे, असं मी शेजारणींना सांगते आणि पुरावा म्हणून हसून दाखवते. मी स्वतः आयुष्यभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडखळला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, तोही असा की तिसऱ्या रांगेला ऐकू जाता कामा नये. काम उत्तम झालं तर आपण तिथे होतो हेच कुणाला कळत नाही. सासूनेही असंच असावं असं माझं मुलाच्या लग्नाआधीपासूनचं मत आहे आणि ते मी अर्थातच पाळलेलं नाही. मला शांतता सोसत नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं की माझी जीभ वळवळते, मी ते पूर्ण करून टाकते. दुकानदाराचंही करते, डॉक्टरांचंही करते. नवरा म्हणायचा, "मी गेल्यावर माझे शेवटचे शब्दसुद्धा तूच बोलून टाकशील." तो झोपेतच गेला, त्यामुळे ती संधी मला मिळाली नाही.

खोलीचं दार उघडलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला निळी पिशवी होती आणि पायात बूट. "आई, मी जरा मैत्रिणीकडे जाऊन येते. थोडे दिवस. संध्याकाळच्या बसने. चालेल ना?" ही पिशवी कशाची खूण आहे ते मी ओळखलं. मुलाने लग्नाआधीच सांगितलं होतं की ती याआधी एकदा हॉस्टेल आणि एकदा भाड्याची खोली अशीच सोडून गेली होती, कुणाशी भांडण नाही, तंटा नाही, कुणाचा तरी आवाज चढला आणि दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. "थोडे दिवस" म्हणून गेली ती परत तिकडे फिरकली नाही. मी म्हटलं, "अगं, पण आत्ता?" ती म्हणाली, "बसला वेळ आहे. तोवर तुम्हाला मटार सोलून देते." पिशवी तिने पायाशी ठेवली आणि टेबलाजवळ उभी राहून शेंगा सोलायला लागली. ती नेहमी उभीच असते. जेवतेही उभ्याने, ओट्याला टेकून, ताटली हातात धरून. "बस की गं," म्हटलं तर "सवय आहे, आई" म्हणते. पहिल्या महिन्यात मला राग यायचा, मी काय हिला बसू देत नाही असं लोकांना वाटेल म्हणून. मग मलाही तिच्या उभं राहण्याची सवय झाली. सवयीसारखी आंधळी गोष्ट नाही. मी माझ्या खुर्चीत बसले आणि मीही शेंगा हातात घेतल्या.

बोलायला माझ्याकडे शब्द कमी नव्हते. वेडी आहेस का, एवढ्यातेवढ्याला कुणी घर सोडतं का, लोक काय म्हणतील, माझा मुलगा काय म्हणेल. सगळी वाक्यं ओळीने तयार होती. पण ते "मी काही केलं नाही" कानातून जात नव्हतं. तो आवाज आजचा नव्हता, तो सात-आठ वर्षांच्या मुलीचा होता, आणि एवढी वर्षं तो तिच्या आत जसाच्या तसा राहिला होता. मुलगा जहाजावर जाण्याच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मला म्हणाला होता, "आई, तिच्या मागून येऊ नकोस कधी. आणि तिला काही विचारू नकोस. सांगायचं तेव्हा ती सांगेल. तिचं लहानपण चांगलं गेलेलं नाही." मी ठसक्यात म्हटलं होतं, "कुणाचं गेलंय?" मला माझी आई आठवली होती. तिच्या हातात पळी असेल तर पळीने, लाटणं असेल तर लाटण्याने आम्हाला प्रसाद मिळायचा. आम्ही काय मेलो का? मी म्हटलं, "एवढी नाजूक आहे का ती?" मुलाने शर्टाची घडी घालता घालता माझ्याकडे पाहिलं. "नाजूक असती तर टिकली नसती," तो म्हणाला. मी ते बायकोचं कौतुक म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. आता शेंगा सोलताना मला वाटलं, आईची पळी पडायची आणि संपायची. का पडली ते आम्हाला ठाऊक असायचं, कधी थांबणार तेही ठाऊक असायचं, आणि रात्री तीच आई पायाला तेल लावायची. आमच्या पाठीवर मार होता पण आमच्या पोटात भीती नव्हती. ज्या घरात मार कधी आणि कशासाठी हेच कळत नसेल, जिथे रोज सकाळी घर नव्याने ओळखावं लागत असेल, तिथे वर्षानुवर्षं राहिलेली मुलगी कशी होत असेल, हा विचार मी याआधी केला नव्हता. करायची गरजच पडली नव्हती, कारण ती मुलगी माझ्या घरात इतकी चांगली वागत होती.

आणि तिथेच मी चुकले होते. तिच्या चांगुलपणाचं मी गावभर कौतुक केलं होतं. "न सांगता सगळं कळतं तिला," असं मी जिन्यात, दुकानात, फोनवर म्हणत आले होते. मी भांडं जरा जोरात ठेवलं की ती आतून येऊन विचारायची, "आई, काही हवंय का?" माझी सकाळची पावलं ऐकून ती ओळखायची की गुडघे दुखताहेत की झोप झाली नाही. जिन्यावरून कोण येतंय ते तिला दार उघडण्याआधी ठाऊक असायचं, आम्ही त्यावर पैजा लावायचो आणि ती कधीच हरली नाही. मी तिला म्हणायचे, "तुझे कान म्हणजे नुसते सशाचे." मी हे हसत म्हणत होते. ससा असे कान कशासाठी ठेवतो, हे मला सुचलं नव्हतं. तिला काय आवडतं हे मला दीड वर्षात कळलेलं नाही. चहा की कॉफी, चालेल. खिडकी उघडू की लावू, चालेल. पडदे निळे आणू की पिवळे, तुम्हाला आवडतील ते, आई. मी याला गुणी म्हणत होते. मला काय हवंय ते शोधण्यात ती इतकी गुंतलेली होती की तिला काही हवं असायला फुरसतच नव्हती. ती माझ्या घरात राहत नव्हती, माझ्या घरावर पहारा देत होती, आणि मी त्या पहाऱ्याला माया समजून सुखाने झोपत होते.

एवढं मनात आल्यावर मला रडू येईल असं वाटलं, पण रडले असते तर तिने मटार टाकून मला सांभाळलं असतं, म्हणून मी आवरलं. दर आठवड्याला ती एका बाईंकडे जाऊन तासभर बसते. मी एकदा विचारलं होतं, त्या गोळ्या देतात का? "नाही, नुसतं बोलायचं," ती म्हणाली. "मग माझ्याशी बोल की, मी फुकट आहे," मी म्हटलं होतं, आणि तेव्हाही ती तशीच नीटनेटकी हसली होती. आता मला त्या अनोळखी बाईंचा हेवा वाटला. त्यांना गप्प बसता येत असणार. गप्प बसायला मलाही कुणीतरी शिकवलं होतं, रंगमंचावर. आमच्या कंपनीत एक थोराड नटी होती, सगळे तिला ताई म्हणायचे. तिच्या एका प्रवेशात ती नवऱ्याच्या रिकाम्या कोटाला हात लावते आणि बराच वेळ काही बोलत नाही. मी नवखी असताना दर प्रयोगाला त्या जागी माझा जीव टांगणीला लागायचा, विसरली वाटतं, देऊ का शब्द, देऊ का. एकदा मेकअप उतरवताना तिने मला जवळ बसवून सांगितलं, "विसरलेल्या माणसाचे डोळे तुला शोधतात. थांबलेल्या माणसाचे शोधत नाहीत. तू पुस्तकात बघू नकोस, माझ्या डोळ्यांत बघ." पुढे मी तीस वर्षं तेच केलं. विंगेत मी इतकी शहाणी होते. घरी येताना ते शहाणपण बॅटरीसोबत तिथेच खणात ठेवून येत होते.

"आज मी तुझे डोळे झाकले ते चुकलं माझं," मी म्हटलं. "पुन्हा करणार नाही." यापुढे "पण मी आपली गंमत" हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते, ते मी गिळले. कडू लागले.

"नाही हो, आई. तुमचं काही नाही. माझंच जरा..." ती घाईने म्हणाली. शेंगेतून दाणे काढणारे तिचे अंगठे भरभर चालू लागले. मग ते मंद झाले. "तुम्ही चिडलाय का?" तिने परातीत बघत विचारलं.

"चिडलेय. स्वतःवर. तुझ्यावर नाही." मी एक शेंग सोलली. "आणि उद्या तुझ्यावर चिडलेच, तर तेही होईलच कधीतरी, मी काही देवी नाही, तर मी बडबड करीन, तूही चार शब्द सुनव, आणि मग आपण चहा पिऊ. चिडलं म्हणून या घरातून कुणाला जावं लागत नाही. जायचं असेल तर जरूर जा. दार तुझंही आहे, किल्ली घेऊन जा. पण मी चिडले म्हणून जाऊ नकोस."

इतकं बोलून मी तोंड मिटलं. हे सोपं नव्हतं. टेबलाच्या वर घड्याळ आहे, त्याची टिकटिक मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आली. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा परातीपर्यंत आला होता आणि मटाराचे दाणे त्यात उगाचच ताजेतवाने दिसत होते. ती शेंगा सोलत राहिली. बूट तिच्या पायात होते, पिशवी बुटांना टेकलेली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, तशी तिची मान अगदी किंचित दाराकडे वळून परत आली. असं ती दिवसभरात किती वेळा करत असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

"काकांच्या घरी," ती म्हणाली, आणि थांबली.

ती काकांकडे वाढली एवढंच मला ठाऊक होतं. लग्नाला ते आले नव्हते, तिने बोलावलं नव्हतं. माझ्या आत शब्दांची झुंबड उडाली. काकांच्या घरी काय? मारायचे का? उपाशी ठेवायचे? की आणखी काही, ज्याचं नावही घ्यायला नको असं? मी प्रत्येक शब्द तिच्या हातात द्यायला उतावीळ झाले होते, म्हणजे हे एकदाचं बोलून संपेल आणि मला हायसं वाटेल. मला. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते मला शोधत नव्हते. ते दूर कुठेतरी एका टेबलापाशी उभे होते. मी हातातली शेंग न फोडता तशीच धरून बसले, कारण शेंग फुटण्याचा आवाजही नको वाटत होता.

"जेवताना माझी जागा ठरलेली होती," ती म्हणाली. "दाराकडे पाठ."

मी मान वर केली आणि माझं स्वतःचं स्वयंपाकघर प्रथमच पाहिलं. टेबल भिंतीला लागून, दोनच खुर्च्या मावतात. एक माझी, दाराकडे तोंड असलेली, कारण मला येणाजाणाऱ्यावर लक्ष ठेवायला आवडतं. दुसरी समोर. दीड वर्ष मी "बस की गं" म्हणून तिला त्या दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवत होते. रंगमंचावर कोण कुठल्या दाराकडे पाठ करून उभं आहे हे मी झोपेतही सांगू शकले असते. माझ्या घरातली दोन माणसं मला मांडता आली नव्हती. मला वाटलं, आत्ता उठावं, तिचा हात धरून तिला माझ्या खुर्चीत बसवावं, म्हणावं घे बाई, ही जागा तुझी. पाय तर जमिनीला रेटलेही होते. पण तिचं वाक्य अजून चालू होतं, आणि खुर्ची देऊन मी ते बंद केलं असतं. मी पाय सैल सोडले.

"ते कधी येतील ते कळायचं नाही," ती म्हणाली. "कधी चॉकलेट आणायचे."

आणि मग तिचे डोळे उठले, परातीवरून, टेबलावरून, आणि माझ्यावर येऊन थांबले. ते मला शोधत होते. हे डोळे मी ओळखते, तीस वर्षं मी याच डोळ्यांची चाकरी केली आहे. पण माझ्या मांडीवर संहिता नव्हती. पुढचं वाक्य मला माहीत नव्हतं आणि ते माझं नव्हतं. माझ्याकडे फक्त तिने आधी दिलेलं वाक्य होतं, म्हणून मी तेच, हळू, तिच्यापुरतं, परत दिलं.

"कधी चॉकलेट आणायचे."

"आणि कधी नाही," ती म्हणाली.

एवढंच. तिने श्वास सोडला, तो बराच वेळ सुटत राहिला. उन्हाचा पट्टा परातीवरून सरकून टेबलाच्या कडेवर गेला होता. मला तिच्या काकांना जाऊन गळ्याला धरावंसं वाटत होतं, आणि त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता हेही कळत होतं. कधीकाळी कुणी धरायला हवं होतं, तेव्हा कुणी धरलं नाही. आता फक्त मटार होते आणि मी होते, आणि आम्ही दोघीही जागच्या जागी राहिलो तर पुरे होतं.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज तिचाच होता. "मी तुमच्या खुर्चीवर बसू का?" आणि मी तोंड उघडण्याआधी, जणू ते वाक्य परत घ्यायला कुणी येईल म्हणून, तिने पुढे घाईने म्हटलं, "मला तिथे बसायचंय."

दीड वर्षात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मला नाचावंसं वाटलं. पण नाचणाऱ्या सासूसमोर कुणाला निवांत बसता येईल? मी नुसतं "बस की" म्हटलं आणि गुडघ्यांना शिव्या घालत उठले. ती टेबलाला वळसा घालून आली, खुर्ची थोडी भिंतीकडे सरकवली, बसली. पाठ टेकली. मी तिला टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती मला वाटायची त्यापेक्षा बुटकी निघाली. मग पिशवी तिने पायाने टेबलाखाली सरकवली आणि पुढच्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसले. या खुर्चीत मी कधी बसत नाही. इथून फक्त भिंत दिसते, कॅलेंडर दिसतं आणि समोरच्या माणसाचा चेहरा. पाठीमागे सगळं घर उघडं पडलेलं असतं. मानेच्या मागे गार वाटतं, खरंच वाटतं, दार बंद असलं तरी. खालच्या रस्त्यावरून बस गेली, कोपऱ्यावर थांबल्याचा, दार उघडल्याचा, पुन्हा निघाल्याचा आवाज आला. तिने तो ऐकला हे मला कळलं आणि मी ऐकला हे तिला. तिने एक फार मोठी शेंग उचलली, उघडली, आत दोनच दाणे निघाले. "फसवलं तुम्हाला भाजीवाल्याने," ती म्हणाली. "त्याची ती खासियत आहे," मी म्हटलं.

जिन्यात पावलं वाजली. जड, भराभर, आमच्याच मजल्याच्या दिशेने. माझे खांदे आपोआप वर गेले, मान वळायला निघाली. मी समोर तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती, कान देऊन, पण हात थांबले नव्हते. पावलं आमच्या दारापाशी क्षणभर रेंगाळली.

"वरचे मास्तर आहेत, आई," ती हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "दम खायला थांबलेत. जातील."

मी मान न वळवता पुढची शेंग उचलली.